कणसूर

गाणं शिकायला लागून नऊ महिने झाले आणि माझं गाणं बिघडलं. तोवर सगळं छान चाललं होतं. पहाटे पाचला उठायचं, तासभर भूप राग घोटायचा, मग डबे, मग शाळा. स्वतःचा आवाज स्वतःला आवडायला लागला होता. आणि मार्चमधल्या एका पहाटे मी गंधारावर, म्हणजे ‘ग’वर थांबले, तर भात खाताना दाताखाली खडा यावा तसा तो मला लागला. पुन्हा लावला, पुन्हा खडा. चार दिवस, आठ दिवस, तेच. गुरुवारी बाईंकडे गेले ती रडवेली होऊनच.

‘बाई, मी मागे चाललेय. आधी गंधार लागत होता, आता लागत नाही.’

बाई सुपारी कातरत होत्या. अडकित्ता थांबवून म्हणाल्या, ‘आधीही लागत नव्हता गं. आत्ता तुला ऐकू यायला लागलंय.’

त्या दिवशी त्यांनी मला तो शब्द दिला. म्हणजे शब्द मला माहीत होता, पण त्याचं वजन माहीत नव्हतं. बेसूर वेगळं आणि कणसूर वेगळं. बेसूर गाणाऱ्याचं कुणालाही कळतं, शेजारच्या लहान मुलालाही. कणसूर म्हणजे सुराच्या दारापर्यंत जायचं आणि उंबऱ्यावर उभं राहायचं. ते फक्त ज्याचा कान तयार आहे त्यालाच कळतं. मला माझा कणसूर ऐकू येत होता आणि तो दुरुस्त करणं माझ्या गळ्याला जमत नव्हतं.

मी सांगलीत एका शाळेत गणित शिकवते. बाईंकडे गेले तेव्हा, जून २०१८ मध्ये, त्रेचाळीस वर्षांची होते. लहानपणी गाण्याच्या क्लासला जात असे. प्रारंभिक, प्रवेशिका प्रथम, प्रवेशिका पूर्ण अशा तीन परीक्षा दिल्या, तिन्हींत चांगले गुण पडले. बाराव्या वर्षी शाळेच्या स्नेहसंमेलनाच्या तालमीत शिकवणाऱ्यांनी आईला बाजूला घेऊन सांगितलं, ‘हिचा आवाज गाण्याचा नाही, कोरसमध्ये राहू दे.’ मी खांबामागे उभी होते. ते वाक्य मी तीस वर्षं खरं मानलं. स्वयंपाक करतानाही गुणगुणले नाही. आज मी स्वतः शिक्षिका आहे आणि वर्गात कुणालाही ‘तुला गणित येणार नाही’ असं म्हणत नाही, त्याचं मूळ त्या खांबामागे आहे.

परीक्षांबद्दल मला आदरच आहे. पं. विष्णु दिगंबर पलुस्करांनी १९०१ मध्ये लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं, म्हणून गाण्याचा दरवाजा माझ्यासारख्या साध्या घरांतल्या मुलींसाठी उघडला. पण माझ्या वाट्याला त्या परीक्षा आल्या त्या वहीत लिहिलेल्या माहितीसारख्या. आरोह, अवरोह, वादी, संवादी, गानसमय. बाराव्या वर्षी मला पंधराएक रागांची माहिती पाठ होती, आणि त्यातल्या एकाही रागात मी पाच मिनिटं राहू शकत नव्हते.

बाईंनी पहिल्या दिवशी काहीच म्हणवून घेतलं नाही. गावभागातल्या त्यांच्या जुन्या घरात, तळमजल्यावरच्या खोलीत त्यांनी तंबोरा लावला. पंचम, मग जोडाच्या दोन तारा, मग खर्ज. लावायलाच वीस मिनिटं गेली. खुंटी पिळायची, ऐकायचं, मग खालचा मणी केसभर सरकवायचा, पुन्हा ऐकायचं. मला वाटलं, हे झालं की शिकवणी सुरू होईल. नंतर कळलं की ती सुरू झाली होती.

‘काय ऐकू येतंय?’

‘सा आणि प.’

‘आणखी?’

आणखी काहीच नाही. बाईंनी मान हलवली आणि छेडत राहिल्या. पुढच्या गुरुवारी पुन्हा तोच प्रश्न. पावसाळा गेला, दिवाळी गेली. डिसेंबरमध्ये एकदा खर्जाची पितळी तार वाजून विरत असताना तिच्या आतून, कुणीतरी दुसऱ्या खोलीतून हाक मारावी तसा, गंधार आला. कुठल्याच तारेवर तो लावलेला नव्हता. मी दचकून बाईंकडे पाहिलं. त्यांनी डोळे न उघडता विचारलं, ‘आला?’

याला जुने गाणारे स्वयंभू गंधार म्हणतात. घरी येऊन मी कागद-पेन घेऊन बसले, कारण आकडा हाताशी आल्याशिवाय मला गोष्ट पटत नाही. माझी पट्टी काळी चार, म्हणजे पेटीची चौथी काळी पट्टी हा माझा षड्ज, माझा ‘सा’. या पट्टीतला षड्ज गाताना गळ्यातले स्वरतंतू सेकंदाला सुमारे २०८ वेळा उघडझाप करतात. तंबोऱ्यातली खर्जाची तार त्याच्या निम्म्याने, म्हणजे १०४ वेळा कंप पावते. पण तार नुसती सबंध हलत नाही. ती त्याच वेळी दोन भागांत, तीन भागांत, चार-पाच भागांतही हलत असते आणि प्रत्येकाचा वेगळा सूर त्यात मिसळलेला असतो. तिप्पट कंपनं म्हणजे पंचम. पाचपट म्हणजे ५२०, आणि तो वरच्या सप्तकातला गंधार. तोच एक सप्तक खाली आणला की २६०. मला गायचा होता तो हा गंधार.

पुढे मार्चमध्ये खडा लागायला लागल्यावर पेटीचा गंधारही काढून पाहिला. पेटीत सप्तकाचे बारा सारखे भाग केलेले असतात, म्हणून तिथला गंधार २६२ च्या जवळपास येतो. सेकंदाला दोन कंपनं जास्त. दोन लगतच्या पट्ट्यांमधल्या अंतराचे शंभर भाग केले, तर त्यातले सुमारे १४ भाग चढा. लहानपणी मी सगळं पेटीवर शिकले होते. माझा गळा तीस वर्षं त्या २६२ ला धरून बसला होता आणि कान आत्ताच २६० ऐकायला शिकला होता. मार्चमधला खडा हा होता. कागदावर दोन आकडे शेजारी शेजारी पाहून मला केवढा धीर आला ते सांगता येणार नाही. गंधार मला दिसत होता. तिथवर पोचायचं राहिलं होतं.

पोचायला काय लागतं? लोक मला विचारतात, किती दिवसांत गाता येईल. पालक शाळेत विचारतात तसंच, किती दिवसांत गणित सुधारेल. मी तेव्हा काय करत होते तेवढं सांगू शकते. पहाटे आधी खर्ज. मध्य षड्जावरून एकेक पायरी खाली उतरायचं, ध, प, आणि गळा जिथे थांबेल तिथे थांबायचं, तिथे आवाज न दाबता, न घोगरा करता दमभर टिकवायचा. सुरुवातीला माझा मंद्र, म्हणजे खालच्या सप्तकातला, पंचम म्हणजे नुसता वारा होता. दिवसाला सहा तास वर्गात बोलून घसा सोललेला असायचा. बाईंनी गाणं शिकवण्याआधी मला बोलणं शिकवलं. फळ्याकडे तोंड करून ओरडू नको, मुलं गप्प होईपर्यंत थांब, हळू बोललीस तर ती ऐकायला गप्प होतील. खरंच झाली. सहा महिन्यांनी मंद्र पंचमात वाऱ्याऐवजी आवाज आला. त्यानंतर पलटे: सारेग, रेगप, गपध, आधी विलंबित, मग दुपटीत, सगळे आकारात. आणि त्यानंतर भूपाचं चलन. ग रे सा, खालचा ध, सा रे ग. प ग. ध प ग, रे सा. पाचच स्वर. मध्यम नाही, निषाद नाही.

आणि हे सगळं कंटाळवाणं असतं का? असतं. काही सकाळी फार असतं. मी ते लपवणार नाही. एकाच पलट्याच्या चाळिसाव्या फेरीला मन वाण्याच्या यादीकडे जातं. बाईंना न सांगताही ते कळायचं. गुरुवारी चार ओळी ऐकल्या की म्हणायच्या, ‘मंगळवारी मन कुठे होतं?’ एकदाही चुकल्या नाहीत असं नाही, पण बहुतेक वेळा मंगळवारच असायचा.

पहिली दोन वर्षं मोबाइलवर ध्वनिमुद्रण करायचं नाही, ही त्यांची अट होती. तेव्हा मला ती जाचक वाटली. किशोरी आमोणकरांनी मुलाखतीत सांगितलं आहे, की माई, म्हणजे त्यांच्या आई मोगूबाई कुर्डीकर, स्थायी आणि अंतरा दोनदाच गाऊन दाखवत. तिसऱ्यांदा नाही. त्या दोन वेळांत सगळं टिपायचं. मला हे आईचं कठोरपण वाटायचं. आता बाईंसमोर बसल्यावर कळतं, की ध्वनिमुद्रण खिशात असतं तेव्हा माणूस अर्ध्याच कानाने ऐकतो, कारण उरलेलं घरी जाऊन ऐकू असं त्याला वाटतं. दोनदाच ऐकायला मिळणार असेल तर अंगाचा कान होतो.

कुमार गंधर्वांचं तर मला राहून राहून आठवायचं. १९४७ मध्ये त्यांना क्षयाने गाठलं, पुढच्या वर्षी ते देवासला राहायला गेले. तेव्हा ऐन पंचविशीत होते, त्याआधी दहा-बारा वर्षांचे असल्यापासून मैफली गाजवलेल्या. डॉक्टरांनी गाणं बंद केलं. पाचएक वर्षं. त्या वर्षांत ते अंथरुणावरून माळव्यातली लोकगीतं ऐकत राहिले. बरे होऊन उभे राहिले तेव्हा एक फुप्फुस जवळजवळ गेलेलं होतं आणि गाणं मात्र वेगळंच झालं होतं. छोट्या श्वासांचं, तुटक, टोकदार, आणि त्या लोकधुनांतून उगवलेले नवे राग घेऊन आलेलं. ती पाच वर्षं रियाजाच्या हिशेबात कुठे धरायची? मी तरी ती पूर्ण धरते.

ऑगस्ट २०१९ मध्ये कृष्णेला पूर आला. आयर्विन पुलापाशी पाणी ५७ फुटांवर गेलं. गावभागात घरंच्या घरं बुडाली. बाईंना आम्ही आदल्या रात्री विश्रामबागला आमच्याकडे आणलं होतं. एक पिशवी, औषधं आणि अडकित्ता. तंबोरा भिंतीला उंच टांगला होता, तिथवर पाणी येणार नाही असं सगळ्यांनाच वाटलं होतं.

त्या नऊ दिवस आमच्याकडे राहिल्या. वीज नव्हती, पिण्याचं पाणी टँकरचं, दिवसभर हेलिकॉप्टरचा आवाज. दुसऱ्या दिवशी पहाटे साडेचारला मला जाग आली ती गॅलरीतून येणाऱ्या सुराने. बाई खुर्चीत शाल पांघरून बसल्या होत्या आणि खर्ज लावत होत्या. तंबोरा नाही, काही नाही. नुसता षड्ज, मग एकेक पायरी खाली. मी दाराआड उभी राहिले. चाळीस मिनिटं त्या मंद्रातून वर आल्याच नाहीत. वयाच्या चौऱ्याहत्तराव्या वर्षी, घर पाण्याखाली असताना, त्या मला सांगितलेलाच पहिला धडा करत होत्या, त्याच क्रमाने. मग हळूच वर आल्या. सा रे ग. गंधारावर थांबल्या. मला तो इतका शांत, इतका भरलेला वाटला की अंगावर काटा आला. बाई मात्र मध्येच थांबल्या. मान किंचित हलवली. ‘हं… कणसूर,’ स्वतःशीच म्हणाल्या, आणि पुन्हा षड्जावरून सुरू केलं.

तो कणसूर मला ऐकू आला नव्हता. अजूनही, त्या गंधाराची आठवण काढली तरी, त्यात काय उणं होतं ते मला सापडत नाही. आत जाऊन मी अंथरुणावर बसून राहिले. मार्चपासून मला एक भीती होती, की हा खडा कधीच जाणार नाही. त्या पहाटे ती भीती खरी ठरली, आणि तरी मला इतकं हलकं वाटलं.

पाणी ओसरल्यावर घर उघडलं. खोलीत सात फुटांपर्यंत चिखलाची रेघ होती. तंबोऱ्याचा भोपळा फुगला होता, तबलीचे सांधे सुटले होते. बाई रडल्या नाहीत. पदराने दांडी पुसत राहिल्या.

आम्ही तो रिक्षातून मिरजेला नेला. मिरजेत तंतुवाद्यं करणारी घराणी दीडशे वर्षांहून जुनी आहेत. त्यांचे पूर्वज शिकलगार, म्हणजे शस्त्रं घडवणारे. ती कामं आटल्यावर तेच हात सतारी-तंबोऱ्यांकडे वळले. कारागिराने तंबोरा मांडीवर घेतला, भोपळ्यावर बोटांनी टकटक केलं आणि सांगितलं, सावलीत वाळू दे, उन्हात ठेवलात तर तडकेल, दिवाळीनंतर बघू. भोपळे पंढरपूर-मंगळवेढ्याकडून येतात. शेतात पिकून, वाळून हाती यायलाच महिनेन्‌महिने लागतात, तेव्हा या वाळण्याला घाई कशी करणार, असं तो अगदी सहज म्हणाला.

मधल्या काळात मी मोबाइलमधला तंबोरा लावून बसायचे. सोय आहे, खोटं बोलणार नाही, प्रवासात तर फारच. पण तो सुरात असतोच. मला काहीच करावं लागत नाही, आणि काही करावं लागत नाही म्हणून कान बसून राहतो. रोज वीस मिनिटं तार जुळवण्यात माझं किती शिक्षण होत होतं ते तंबोरा नसताना कळलं.

नोव्हेंबरमध्ये जवारी काढताना, म्हणजे तार खुलून बोलावी म्हणून घोडी घासताना, आम्ही समोर बसलो. घोडी म्हणजे तारांखालचा छोटा पूल. तिच्या पाठीला अगदी पुसट उतार दिलेला असतो. तार तिच्यावरून जाताना तिला हलकी घासत राहते, आणि त्या घासण्यातूनच ते सगळे आतले सूर उजळतात. उतार जरासा जास्त झाला की तार मुकी होते, कमी झाला की फणफणते. कारागीर एक हात कानस फिरवायचा, तार चढवायचा, ऐकायचा, तार उतरवायचा. दोन तास. शेवटी तारेखाली सुताचा धागा सरकवला, इकडे, तिकडे, आणखी इकडे, आणि एका जागी तार एकदम खुलली. मी विचारलं, कसं कळतं कुठे थांबायचं? तो म्हणाला, ‘बोलली ना तार, ऐकलं नाही का तुम्ही?’

ऐकलं होतं. गंधार स्पष्ट ऐकला होता. वर्षापूर्वी मला त्या दुकानात बसून काहीच कळलं नसतं.

परतताना बाई मिरासाहेबांच्या दर्ग्याकडे वळल्या. तिथे अब्दुल करीम खाँसाहेबांची कबर आहे. १९३७ मध्ये ते दक्षिणेत प्रवासात वारले आणि त्यांना मिरजेला आणलं. बाई काही बोलल्या नाहीत. तंबोरा गवसणीत गुंडाळून माझ्या मांडीवर होता, त्या थोडा वेळ आवारात बसल्या आणि मग म्हणाल्या, ‘चल, उशीर होईल तुला.’

माझा गंधार? डिसेंबरात एक दिवस तो लागला. खडा नव्हता. तंबोऱ्यातला आणि माझा असे दोन गंधार वेगळे ऐकू येईनात, माझाच आवाज कुठे गेला ते मला कळेना. किती वेळ, कदाचित आठ-दहा सेकंद. दुसऱ्या दिवशी नव्हता. आठवड्याने पुन्हा आला. आता तो आठवड्यातून दोन-तीनदा येतो, आणि येतो तेव्हा मी त्याच्याकडे बघत नाही, बघितलं की जातो.

जानेवारीत एका रविवारी बाईंनी सकाळी आठला बोलावलं. खोलीच्या भिंतींना नवा चुना होता, चिखलाची रेघ तरी त्याखालून दिसत होती. तंबोरा लावून झाला.

‘भूप पुरे आता. आज देसकार घेऊ.’

‘स्वर कोणते, बाई?’

‘तेच. सा रे ग प ध. पण गंधारावर बसायचं नाही, तिथून नुसतं जायचं. रिषभ तर अगदी पुसट. सगळं बळ वर. धैवत हा इथला मालक.’

त्यांनी गाऊन दाखवलं. सा, वर थेट पंचम, धैवत, आणि तिथे थांबल्या. माझे ओळखीचे पाचही स्वर होते आणि एकही ओळखीचा नव्हता. भूपात संध्याकाळ होती तिथे लख्ख सकाळ झाली होती. दुसऱ्यांदा गाऊन दाखवलं. तिसऱ्यांदा नाही.

मी षड्ज लावला, पंचमावर गेले, धैवत लावला. दाताखाली खडा.

बाईंनी माझ्याकडे पाहिलं, आणि पंचमाची तार पुन्हा छेडली.